राणीच्या बागेतला ‘स्टॅच्यू’ : कुटुंबांना संग्रहालयात नेणाऱ्या मैदानी खेळाचा एक प्रकरण अभ्यास

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, सुट्टीच्या दिवशी येणारी बहुतेक कुटुंबे फाटकातून आत शिरली की थेट प्राण्यांच्या दिशेने चालू लागतात. २०१७ च्या मार्चमध्ये हम्बोल्ट पेंग्विन लोकांना पाहता येऊ लागले तेव्हापासून ही ओढ आणखी वाढली. याच फाटकाला लागून मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय उभे आहे. २ मे १८७२ रोजी ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी उघडले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. एवढे सगळे फाटकापासून चार पावलांवर असूनही पेंग्विन पाहून परतणारी कित्येक कुटुंबे त्याच्या दारावरून तशीच निघून जातात.

संग्रहालयाबाहेरच्या मोकळ्या जागेत एखादा खेळ मांडून या कुटुंबांना आत कसे आणता येईल, हा या प्रकरणाचा विषय आहे. पुढे दिलेला खेळ म्हणजे मी केलेला आराखडा आहे. संग्रहालयाने राबवलेल्या एखाद्या उपक्रमाचा हा अहवाल नव्हे. जागा, वस्तू आणि इतिहास मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत, कारण खेळ कागदावर चांगला दिसतो की त्या जागेत उभा राहतो, हा फरक याच गोष्टींवर ठरतो.

अडचण नेमकी कुठे आहे

लोकांना संग्रहालयाची माहितीच नाही, असे गृहीत धरले की उपाय म्हणून फलक आणि जाहिराती सुचतात. येथे ते निदान लागू पडत नाही, कारण इमारत सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. खरी अडचण उंबरठ्याची आहे. बाहेरून ही वास्तू इटालियन पॅलाडियन शैलीतली, भारदस्त आणि शिस्तीची दिसते. दोन लहान मुले, एक आजी, डब्याची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या कुटुंबाला ती पाहताच वाटते की येथे हळू बोलावे लागेल, मुलांनी काही तोडले तर भरून द्यावे लागेल, आणि आतले आपल्याला कळेलच असेही नाही. बागेचे तिकीट वेगळे आणि संग्रहालयाचे वेगळे, त्यामुळे दुसऱ्यांदा पाकीट काढण्याच्या क्षणी निर्णय करावा लागतो. आणि ज्या निर्णयाला कारण सापडत नाही तो सहसा नकाराकडेच झुकतो.

याला वेळेचीही जोड आहे. सकाळी आलेल्या मुलांना आधी प्राणी पाहायचे असतात, त्यांना त्या वेळी अडवणे चुकीचे ठरेल. दुपारी तीननंतर तेच कुटुंब फाटकाकडे परतते. तोवर मुले दमलेली असली तरी घरी जायला तयार नसतात, आणि मोठ्यांना कुठेतरी बसायचे असते. खेळ मांडायची वेळ ही. जो खेळ दमलेल्या आजीला बसून खेळता येतो आणि आठ वर्षांच्या मुलाला उड्या मारत खेळता येतो, तोच येथे चालेल.

बाहेर आधीच काय काय आहे

आराखडा करताना मी पहिले काम म्हणून नवीन साहित्याची यादी केली नाही, आवारात आधीपासून उभ्या असलेल्या वस्तूंची केली. ती यादी फार समृद्ध निघते.

संग्रहालयाच्या बाजूला एक दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली जोडून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. शेजारच्या बागेत जिवंत प्राणी पाहून आलेल्या मुलाला हा हत्ती ‘आणखी एक पुतळा’ वाटतो, कारण तो पडला, फुटला आणि पुन्हा जोडला गेला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

फाटकाजवळ डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. संग्रहालयामागच्या आवारात शहरातून हलवलेले वसाहतकालीन पुतळे आहेत. त्यात मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला राणी व्हिक्टोरियाचा बसलेला संगमरवरी पुतळा आहे, जो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला भेट दिला होता. १८९६ साली दामोदर चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासले होते. शाळेत चापेकर बंधूंचा धडा शिकलेल्या मुलाला हे कळले की तो त्या दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आणि बागेतच ‘काळा घोडा’ आहे. राजा सातवा एडवर्ड युवराज असतानाचा हा अश्वारूढ पुतळा पूर्वी फोर्टमध्ये होता. १९६५ च्या सुमारास पुतळे हलवले गेले तेव्हा तोही येथे आला, मागे त्या भागाला फक्त त्याचे नाव उरले. आजही मुंबईकर ‘काळा घोडा’ म्हणताना फोर्टचा तो भाग म्हणतो, मूळ घोडा मात्र भायखळ्यात आहे.

म्हणजे बाहेर उभे आहेत ते सगळे पुतळे. आत गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्या कमलनयन बजाज मुंबई दालनात मातीच्या छोट्या छोट्या आकृत्या आहेत: मुंबईत आणि आसपास राहणारे नाना तऱ्हांचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे उद्योग. त्यासुद्धा एखाद्या क्षणी थांबलेल्या माणसांसारख्या आहेत. बाहेरचे थांबलेले राजे-राण्या आणि आतली थांबलेली साधी माणसे यांच्यामधला दुवा मुंबईच्या प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. कोणी ‘स्टॅच्यू!’ म्हटले की जागच्या जागी थिजायचे.

नाकारलेले पर्याय

या दुव्यापर्यंत येण्याआधी तीन पर्याय बाजूला ठेवावे लागले, आणि ते का नाकारले हे सांगणे या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग आहे.

पहिला पर्याय मोबाइलवरच्या शोधखेळाचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने २००८ साली ‘घोस्ट्स ऑफ अ चान्स’ नावाचा असा कथाप्रधान खेळ केला होता, आणि संग्रहालयांच्या क्षेत्रात त्याचा अजूनही उल्लेख होतो. परंतु तो मुळात मोठ्यांना, वाचणाऱ्यांना आणि सवडीने कोडी सोडवणाऱ्यांना धरून होता. कुटुंबाच्या हाती एक फोन आला की एकजण खेळतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरच्या खेळाने आणखी एक गोष्ट शिकवली. खेळाचा आशय जागेशी जोडलेला नसला तर माणसे त्या जागेपर्यंत येतात आणि ती जागा न पाहता निघून जातात. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाला तर ‘कृपया येथे खेळू नका’ असे लोकांना सांगावे लागले.

दुसरा पर्याय मोठ्या सोंगट्यांच्या बुद्धिबळाचा. याचा मोह खरोखर मोठा आहे, कारण तो भाऊ दाजींच्या आयुष्यातूनच येतो. गोव्यातल्या मांद्रे गावी १८२२ साली जन्मलेल्या या मुलाचे आईवडील मातीच्या बाहुल्यांचा व्यवसाय करत. त्याची बुद्धिबळातली हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली, त्याने वडिलांना गळ घातली आणि मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले. पुढे तो ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाला. तरीही बुद्धिबळ मी बाजूला ठेवले. तो दोघांचा खेळ आहे, वेळखाऊ आहे, आणि ज्याला तो येत नाही त्याने फक्त उभे राहायचे. ही हकीकत मात्र मी सोडली नाही. ती शेवटच्या थांब्यासाठी राखून ठेवली आहे.

तिसरा पर्याय लगोरीचा. कोसळलेला आणि पुन्हा रचलेला हत्ती आणि लगोरी यांची सांगड इतकी नेमकी बसते की ती टाकवत नाही. पण चेंडू प्राचीन शिल्पाच्या आसपास उडणे कोणत्याही अभिरक्षकाला मान्य होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून लगोरी ठेवली, फक्त तिची जागा आणि चेंडू बदलले. हत्तीपासून लांब, लाकडाच्या सात जाड चकत्या रचायच्या. त्यांच्या कडांवर हत्तीचे चित्र रंगवलेले असेल, त्यामुळे चकत्या योग्य क्रमाने लागल्या तरच हत्ती पुरा होईल. चेंडू चिंध्यांचा, घरी शिवतात तसा. फोडायची एकाने आणि रचायची साऱ्या घराने मिळून, धावाधाव न करता. रचून झाली की खेळ घेणारा फक्त समोरच्या दगडी हत्तीकडे बोट दाखवून विचारतो, ‘हा फुटला होता. कुठे कुठे जोडलाय, सांगा.’ आणि मुले दगडावरच्या सांध्यांचा शोध घेऊ लागतात.

मुख्य खेळ

मुख्य खेळ ‘स्टॅच्यू’चाच. पटांगणात फक्कीने एक मोठे वर्तुळ आखायचे आणि भोवती बसायला सतरंज्या व काही खुर्च्या ठेवायच्या, कारण प्रेक्षक बसला तरच टिकतो. टोपलीत चिठ्ठ्या असतात. ज्याच्यावर राज्य येईल त्याने चिठ्ठी उचलायची. तिच्यावर एक काम लिहिलेले आणि चितारलेले असते, म्हणजे न वाचणाऱ्या मुलालाही अडत नाही. राज्य असलेला भिडू वर्तुळात ते काम करू लागतो, बाकीचे पाहतात. कोणीतरी ‘स्टॅच्यू!’ म्हणते, तो थिजतो, आणि घरच्यांनी ते काम ओळखायचे. ओळखले की ती चिठ्ठी त्या कुटुंबाची. कुटुंबातले सगळ्यांत लहान मूल ‘कच्चं लिंबू’. त्याला बाद करायचे नाही, हा नियम सांगावाही लागत नाही, मुलेच तो लागू करतात.

चिठ्ठ्यांचा एकच कडक नियम आहे: जिची जोडीदार आकृती आतल्या दालनात प्रत्यक्ष मांडलेली आहे, तीच चिठ्ठी टोपलीत जाईल. म्हणून चिठ्ठ्या कचेरीत बसून लिहायच्या नाहीत. दालनात फिरून, काचेसमोर उभे राहून लिहायच्या, आणि मांडणी बदलली की टोपलीही बदलायची. चिठ्ठीच्या मागे आकृतीचे नाव नसते. तिथे फक्त एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आकृती पाहिल्याशिवाय देता येत नाही: तुमच्या स्टॅच्यूचा डावा हात कुठे होता, आणि आतल्या माणसाचा कुठे आहे?

या प्रश्नावर मी बराच काळ घालवला आहे आणि तो मला आराखड्याचा कणा वाटतो. ‘हे कोणत्या साली बनवले’ असे विचारले तर मूल पाटी वाचते आणि वस्तूकडे पाहत नाही. ‘हात कुठे आहे’ असे विचारले की त्याला वस्तूकडेच पाहावे लागते, तेही स्वतःच्या शरीराशी ताडून. ज्याने नुकतेच ते काम अंगाने करून पाहिले आहे त्याला मातीच्या बोटांची वळणे, वाकलेली पाठ, टेकवलेला गुडघा दिसू लागतो.

खेळ संग्रहालयात नेण्याची गोष्ट पुढची. आधी तो चालतो का, हे पाहण्यासाठी आमच्या सोसायटीच्या आवारात तो घरच्या आणि शेजारच्या मंडळींबरोबर खेळून पाहिला. एका मुलीला ‘जात्यावर दळणे’ ही चिठ्ठी आली. तिने जाते पाहिलेच नव्हते, म्हणून तिने मिक्सरचे बटण दाबल्यासारखे केले आणि कोणालाच काही ओळखेना. कडेला खुर्चीत बसलेली तिची आजी न राहवून म्हणाली, ‘अगं, खुंटा धर आधी. आणि दुसऱ्या हाताने मूठभर दाणे टाकायचे मधेच.’ मग ती स्वतः खुर्चीतूनच दोन्ही हात फिरवू लागली आणि ‘स्टॅच्यू’ ऐकताच दाणे टाकणारा हात हवेत तसाच धरून थांबली. नातीने ती मुद्रा पाहून पाहून स्वतःच्या हातांत उतरवली. त्या क्षणी खेळातली सर्वांत जाणती व्यक्ती आजी होती. संग्रहालयाच्या दाराशी जी सगळ्यांत संकोचते तिलाच हा खेळ जाणकार ठरवतो, हे मला आधी सुचले नव्हते. त्यानंतर चिठ्ठ्या निवडताना आजी-आजोबांच्या हातांना ठाऊक असलेली कामे मुद्दाम अधिक घ्यायची, असे ठरवले.

एक नाजूक बाजू

संग्रहालयांतल्या अशा मातीच्या आकृत्या एकोणिसाव्या शतकातल्या वसाहती दृष्टीतून आल्या आहेत. त्या काळी माणसांची विभागणी जाती, धर्म आणि धंदे यांच्या चौकटींत करून नमुने तयार केले जात. खेळात याचे भान सुटले तर एखादे मूल कोणाच्या तरी जातीची नक्कल करील आणि बाकीचे हसतील. त्या गर्दीत त्याच समाजातले एखादे कुटुंब उभे असू शकते. म्हणून चिठ्ठीवर समाजाचे नाव कधीही येणार नाही, फक्त क्रिया येईल: चाकावर मडके घडवणे, मागावर धोटा टाकणे, कापूस पिंजणे. ज्या कामांवर एखाद्या समाजाला जबरदस्तीने जुंपले गेले, ती कामे टोपलीत घालायचीच नाहीत. आत गेल्यावर ‘ही माणसे अशी नावे देऊन का मांडली होती’ असे कोणी विचारले, तर खेळ घेणाऱ्याला त्याचे सरळ, खरे उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी त्याला आधी ते शिकवले पाहिजे. माझ्या मते प्रशिक्षणाचा निम्मा वेळ यावरच जावा.

राणीच्या पुतळ्याबाबतही असेच. तो ‘स्टॅच्यू’ खेळात सोयीचा वाटतो, पण मुलांनी राणीसारखे बसून दाखवावे यात मला काही अर्थ दिसत नाही. तिथे एकच गोष्ट सांगायची, चापेकरांच्या डांबराची, आणि नाकाशी झालेली मोडतोड मुलांना स्वतः शोधू द्यायची.

उंबरठा ओलांडताना

चिठ्ठी हातात असलेल्या कुटुंबाला आत जाण्याचे कारण मिळालेले असते, पण तिकीट काढायचे असतेच. तिकीट माफ करावे असे मी सुचवत नाही. महानगरपालिकेच्या जागेत असे निर्णय सहज होत नाहीत, आणि तिकिटाची रक्कम ही मूळ अडचणही नव्हती. त्यापेक्षा तिकीट-खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने चिठ्ठी पाहून ‘काय आलं तुम्हाला?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होते. दारावरच्या सुरक्षारक्षकालाही खेळ आधी खेळवून दाखवावा. ज्याचे काम मुलांना हात लावू नका म्हणण्याचे आहे, त्याने एकदा ‘स्टॅच्यू’ म्हटले की हात आपोआप मागे राहतात, आणि मुलांना तो हुकूमही वाटत नाही.

दालन पहिल्या मजल्यावर असल्याने जिने चढू न शकणाऱ्या आजी-आजोबांना तळमजल्यावर बसायला जागा हवी आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र चिठ्ठी हवी, जिची जोड तळमजल्यावरच्या एखाद्या वस्तूशी असेल. मुले वरून धावत येऊन उत्तर सांगतील आणि मोठे खालचे उत्तर देतील. हा भाग टाळला तर ज्या आजीने बाहेर सर्वांना शिकवले ती आत येऊन एकटी पडेल.

शेवटचा थांबा भाऊ दाजींचा. तिथे कोडे नाही. खेळ घेणारा फक्त बाहुल्या विकणाऱ्या घरातल्या, बुद्धिबळात तरबेज मुलाची हकीकत सांगतो आणि ओल्या शाडूचा एक गोळा कुटुंबाच्या हाती देतो. हे आत करायचे नाही, कारण ओली माती दालनात नको. पुन्हा बाहेर पटांगणात यायचे आणि आत पाहिलेला डावा हात मातीत घडवायचा. बक्षीस म्हणून दुसरे काहीही द्यायचे नाही. पेन्सिली आणि चॉकलेटे वाटली की पुढच्या रविवारी मुले त्यांच्यासाठी येतात आणि चिठ्ठ्या घाईघाईने भरून देतात.

कसे मोजावे, कधी मांडावे

यश मोजताना खेळलेल्यांची संख्या फसवी ठरेल, कारण वर्तुळाभोवती गर्दी जमवणे मुंबईत कठीण नाही. पाहायचे ते असे: खेळलेल्या कुटुंबांपैकी किती आत गेली, आकृती सापडल्यावर ती त्याच दालनात पुढे रेंगाळली की लगेच बाहेर पडली, आणि मुलाने आपल्या चिठ्ठीखेरीज दुसऱ्या आकृतीची मुद्रा स्वतःहून करून पाहिली का. हे तिसरे मोजणे कष्टाचे आहे, दालनात कोणीतरी शांतपणे उभे राहून नोंदी कराव्या लागतात; तरी माझा भर त्यावरच राहील. त्या मुद्रेतच कळते की खेळ चिठ्ठीपुरता उरलेला नाही.

पावसाळ्यात हे पटांगण उपयोगाचे नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात आजी बसणार नाहीत; दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. दुपारी तीनला फक्की मारायची आणि साडेचारच्या सुमारास टोपली उचलायची, म्हणजे शेवटची चिठ्ठी घेतलेल्या कुटुंबालाही संग्रहालय बंद होण्याआधी वर जाऊन तो हात सावकाश पाहायला वेळ मिळेल. सुरुवातीला एकच रविवार करावा, एकाच वर्तुळात, थोड्या चिठ्ठ्यांवर. आणि त्या संध्याकाळी टोपलीत उरलेल्या चिठ्ठ्या काढून पाहाव्यात की कोणती कामे कोणालाच ओळखता आली नाहीत. त्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या आधी वर्तुळाबाहेर बसलेल्या आजी-आजोबांना दाखवायच्या.